निवेदन घेणारा माणूस

"मोर्चा कुणाच्या तरी दारात न्यावाच लागतो," पक्षाच्या सेक्रेटरी नलूताई म्हणाल्या. "निवेदन घ्यायला समोर माणूस नको?"

गाझावरच्या बाँबहल्ल्यांचा निषेध करायचा होता. पण आमच्या तालुक्याच्या गावात इस्रायलची वकिलात कुठून येणार? तहसीलदारही रजेवर. शेवटी ताईंनी ज्यूंचं सिनेगॉग सुचवलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची किल्ली हाईमकाका झिराडकरांकडे असते, ते स्वतः ज्यू. तेच आमचे सर्वांत जुने कॉम्रेड, आणि निवेदनही त्यांनीच लिहिलेलं.

"अगं नलू, मी उभ्या जन्मात इस्रायल पाहिलेलं नाही," काका म्हणाले. "आमचं झिराड इथून सायकलच्या अंतरावर."

"पाच मिनिटांचं तर काम, काका. मोर्चाची शिस्त असते."

शिस्तीपुढे काकांचं काही चालत नाही. चौकापर्यंत घोषणा त्यांनीच दिल्या. मग लाल झेंडा माझ्या हाती देऊन ते लगबगीने पुढे गेले, सिनेगॉगचं कुलूप काढलं आणि पायरीवर उभे राहिले. ताईंनी निवेदन दिलं. काकांनी चष्मा लावून स्वतःचंच अक्षर शेवटपर्यंत वाचलं.

"मुद्दे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण हे मी पुढे कुणाला देऊ?"

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी आरोळी ठोकली, "या दारातल्या खुन्यांचा..."

"धिक्कार असो!" आयुष्यभराच्या सवयीने काकांची मूठ सगळ्यांच्या आधी वर गेली.

मग त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. सिनेगॉगमध्ये कुणीच नव्हतं.