घाटातला हार

"वहिनी, आज घाटात गाडी तापली, तर किल्ली माझी!" भावोजींनी पैज लावली. भाऊ गेल्यावर त्याची स्पोर्ट्‌स कार वहिनीने, म्हणजे वेणूताईंनी, चालवणं त्यांना मुळातच पटत नव्हतं.

वेणूताईंनी पुढच्या जाळीमागे नवा ऑइल कूलर स्वतः बसवला होता. समोरच्या वाऱ्याने इंजिनाचं तेल थंड व्हावं म्हणून. पण आज खंडेनवमी. भावोजींनी गाडीची मनोभावे पूजा केली आणि झेंडूचा जाडजूड हार नेमका त्याच जाळीवर आवळला. "पूजेचा हार काढायचा नाही हं!"

अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. शेजारी बसलेल्या भावोजींनी हात पुढे केला. "किल्ली."

वेणूताई उतरल्या. हार सोडला आणि भावोजींच्या गळ्यात घातला. "पूजेचा आहे. काढायचा नाही हं!"

गाडी निघाली, मोकळ्या जाळीला वारा लागला, काटा उतरला. भाषण न करणारा सत्कारमूर्ती घाटाने प्रथमच पाहिला.