पुढची जागा

एकोणऐंशी साली घर बदलताना टेम्पोत मागे सामान आणि माशांच्या काचेच्या चार टाक्या होत्या. ड्रायव्हरशेजारची एकमेव जागा नवऱ्याने पटकावली, मांडीवर मासे भरलेल्या पिशव्या घेतल्या आणि सात महिन्यांच्या गरोदर बायकोला फर्मावलं, “मागे बस. माशांना हादरे सोसत नाहीत.” ड्रायव्हर ओशाळला. “साहेब, बाईंना पुढे येऊ द्या की!” “ती काय काचेची आहे?” नवरा हसला. तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. बगळ्यासारखा मान वाकवून तो चक्क पिशव्यांतल्या माशांशी लाडेलाडे बोलत होता. “मग संसारही त्यांच्याबरोबरच थाटा,” म्हणत बॅग उचलून ती थोरल्या बहिणीकडे निघून गेली, ती कायमचीच. नव्या घरात नवऱ्याने प्रथमच स्वतः टाक्या धुतल्या, साबण लावून. मासे मेले. मुलगी झाल्याच्या पत्राला त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: “टाक्या तू कशाने धुवायचीस?”