चिवट विरजण
मुलांनो, पाटोद्याजवळची एक वस्ती डोळ्यांसमोर आणा. वैष्णवीच्या आईचं विरजण घरोघरी जायचं; मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत. गाईची कास सुजली की जनावरांचे डॉक्टर जंतू मारणारं इंजेक्शन देत; ते औषध दुधात उतरायचं, पण आई दूध टाकून देत नसे. आधी त्या दुधाचं दही लागायचंच नाही, कारण औषधानं विरजणातले जंतूही मरायचे. आता घट्ट लागायचं. "आपलं विरजण लई चिवट हाय," ती मिरवायची. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, चिवट जंतू औषधाला पुरून उरायची विद्या जनुकांत जपतात आणि रोगाच्या जंतूंनाही देतात. आज पौर्णिमाकाकू बाळाच्या दह्यासाठी वाटी घेऊन आली. ते बाळ दवाखान्यात दोन औषधं जंतूंपुढे हरल्यावर तिसऱ्यानं वाचलं होतं. आईनं गाडगं उचललं. "आई, हे नको!" "शेजारणीला न्हाई म्हनतीस?" वैष्णवीनं वाटी घेतली आणि इंजेक्शन न टोचलेल्या गाईचं विरजण मागायला पल्याडच्या वस्तीवर धावली.