कापडाचं शेवटचं दुकान

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत एकेकाळी नुसती कापडाची दुकानं होती. समोरचा दवाखाना वाढत गेला, तशी एकेक पेढी उठली आणि तिथं मेडिकल, लॅब, नारळपाण्याच्या गाड्या आल्या. गिरिधरशेठ तेवढे गादीवर टिकून होते. "मला ताप न्हाई, खोकला न्हाई. मी कशाला उठू?" असं ते म्हणत.

सोमवारी सकाळी एक अनोळखी म्हातारी आत आली, चपला काढून त्यांच्या पायाशी बसली.

"आता कसं वाटून राह्यलं?" तिनं विचारलं.

"मावशी, दवाखाना समोर आहे."

"न्हाई, मी बराबर आले," ती म्हणाली आणि त्यांचे पाय चेपू लागली.

मंगळवारी तिच्यासोबत आणखी चौघं आले. ते आपसात कुजबुजत आणि शेठनी मान वळवली की गप्प होत. शेठ त्यांच्यावर ओरडले, तेव्हा एकानं त्यांच्या छातीपर्यंत चादर ओढली. नेहमीची गिऱ्हाइकं दारातूनच हात जोडून परत गेली.

बुधवारी दुपारी त्यांची बायको ताराबाई डबा घेऊन आली, तेव्हा शेठच्या जिवात जीव आला.

"तारा, या लोकांना जल्दी बाहेर काढ. मला काही झालेलं न्हाई."

ताराबाईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या म्हातारीच्या शेजारी टेकल्या आणि डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

"मावशी, तुम्ही दोन घास खाऊन घ्या. ह्यांनी तर कालपासून तोंडातून शब्द काढला न्हाई."