राहू दे, उचल

समोरासमोरच्या गोल्फमध्ये चेंडू भोकाच्या अगदी तोंडाशी आला, की समोरची "राहू दे, उचल" म्हणते आणि तो फटका मारल्यातच जमा. तिने न म्हणताच उचलला, तर मात्र एका फटक्याचा दंड! पण ज्युनियरच्या फायनलला एल्स्पेथने तोंडातून शब्दच काढला नाही, चौदा वर्षांच्या मोर्व्हनला वीतभरावरून मारायला लावलं, फटका हुकला आणि आख्खा क्लब खो खो हसला.

तेव्हापासून मोर्व्हन स्कॉटलंडच्या त्या बोचऱ्या समुद्रवाऱ्यात मरमर खेळली, थेट मोठ्या स्पर्धांच्या टूरवर पोचली, आणि आज सेमीफायनलला समोर कोण, तर एल्स्पेथच!

आणि ही बया सकाळपासून एल्स्पेथचा प्रत्येक जवळचा फटका गोड हसून सोडतेय! हातभर लांबचेसुद्धा! मोर्व्हनची बॅग वाहणारा कॅडी, डूगी काका, नुसता चरफडत होता.

"अगं, ती काय तुझी मावशी लागते? विसरलीस का सगळं?"

"काका, तुम्ही बॅग सांभाळा."

शेवटच्या भोकापर्यंत दोघी बरोबरीत; आता जिचे फटके कमी, ती जिंकणार. मोर्व्हनचा चेंडू चार फटक्यांत आत गेला. एल्स्पेथचा तीन फटक्यांत भोकापासून बोटभर लांब येऊन थांबला. दिवसभराच्या सवयीने एल्स्पेथ वाकली, चेंडू उचलला आणि खिशातही टाकला.



मोर्व्हन शांतपणे पंचांकडे वळली, "साहेब, या वेळी मी काही बोलले होते का हो?"