मुका पट्टा

"आज सांगून टाकू या," बायको म्हणाली. "चाचणीतल्या सगळ्या घरांना फोन करू."

"शुक्रवारपर्यंत थांब." त्याने सोल्डरिंगचं सामान बाजूला सारलं. शुक्रवारी गुंतवणूकदार यायचे होते. "आत्ता बोभाटा झाला, तर कंपनी उघडण्याआधीच कुलूप लागेल."

कंपनी म्हणजे घराची मागची खोली आणि हे दोघं. तान्ह्या बाळाच्या पायात बांधायचा पट्टा ते बनवत होते. बाळाचा श्वास अडखळला की आईबापांच्या उशाशी भोंगा वाजायचा. पण बॅटरी उतरत आली की पट्टा मुका व्हायचा, आणि हिरवा दिवा मात्र तसाच जळत राहायचा. हा दोष आपल्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता.

"एखाद्या बाळाचं बरंवाईट झालं तर?"

"रोज सगळीकडून निरोप येतात ना, सगळं ठीक म्हणून? उगाच अभद्र बोलू नकोस."

ती कप उचलून आत गेली.

दुपारपर्यंत सगळ्यांचे निरोप आले. बहिणीचा आला नाही. पहिला पट्टा त्याने तिच्याच लेकीला बांधला होता, स्वतःच्या हाताने. त्याने फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला.

तो तसाच स्कूटरवर निघाला. सिग्नलला थांबला तेव्हा त्याने पुन्हा एकदा फोन लावून पाहिला. बहिणीच्या जिन्यात कुणीतरी हुंदके देतंय असं वाटलं. कान दिला, तर नळ गळत होता. त्याने दार वाजवलं. आत चिडीचूप.

दार बहिणीनेच उघडलं. खांद्यावर लेक गाढ झोपलेली.

"हळू, दादा. सकाळपासून किरकिर चालली होती, आत्ता कुठे डोळा लागलाय. फोनचा आवाजसुद्धा बंद केलाय मी."

त्याने भिंतीला टेकून श्वास सोडला. मग त्याचं लक्ष बाळाच्या पायाकडे गेलं. पाय उघडाच होता.

"पट्टा कुठंय?"

"तो होय? वहिनी केव्हाच घेऊन गेली. सगळ्यांच्या घरून गोळा केले तिने. काय बिघाड आहे तेही सांगितलं." तिने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "फक्त एक कबूल करून घेतलं. तू आपणहून सांगायला येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, आणि रोजचा निरोप पाठवत राहायचा."

ती दारातून बाजूला झाली.

"ये ना. बोल, काय सांगायला आलास?"