चौथा बोल्ट

इतवारीतल्या वर्कशॉपात, लेथवर पंपाच्या भोकात आटे पाडताना गिरिधरच्या हातून ते कापणारा टॅप तुटला. सकाळपासून तिसरा. पंप तर संध्याकाळच्या एसटीने नरखेडच्या संत्राबागेत पोचायचा होता.

"काहून गा, ऊस मोडून राहिला का?" मारोतराव मिस्त्री गरजले. "वीस वर्षं झाली या लेथवर. माह्या हातून एक टॅप नाही तुटला!"

मिस्त्री तणतणत चहाला गेले. लेथच हलत असेल, म्हणून गिरिधरने गिअरचं झाकण उघडायला घेतलं. तीन बोल्ट पान्याने निघाले. चौथ्याला पाना लावताच नुसतं डोकंच हातात आलं. ते पुट्टीने चिकटवून वरून रंग मारलेला होता. खाली भोकात तुटक्या टॅपचा गंजलेला तुकडा रुतून बसला होता.

मिस्त्री परतले तेव्हा गिरिधरने ते डोकं त्यांच्यापुढे धरलं. "मिस्त्री, हा टॅप कोनाचा?"

मारोतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. डोकं घेतलं आणि अंगठ्याने परत जागेवर दाबलं.

"एक फेरा पुढं फिरवला का अर्धा मागं घेत जाय. लोखंडाचा कीस अडकत नाही मंग," ते हळूच म्हणाले. "मले यानंच शिकवलं."